किंग्ज गॅम्बिट, चौथी फेरी

माझ्या मोठ्या भावाने मला बुद्धिबळ मारून शिकवलं. हे वाक्य उच्चारायला मला वयाची पस्तिशी ओलांडावी लागली. त्याआधी कुणी विचारलं की मी म्हणायचे, 'दादाने शिकवलं.' तेही खरंच होतं.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या पाण्यावर दोन पिकं घेणारं. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. बाबा लवकर गेले, तेव्हा शेती, घर आणि मी असं सगळंच त्याच्या हातात आलं. पुढे त्याने बियाणं-खतांचं दुकान टाकलं आणि ते चांगलं चाललं. तालुक्यात त्याच्या तोडीचा बुद्धिबळ खेळणारा कुणी नव्हता. त्याच्याशी खेळायला माणूस नव्हता म्हणून त्याने मला बसवलं. तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

त्याचा एकच नियम होता. ज्या मोहऱ्याला हात लागला, ते चालवायचं. स्पर्धेतही हाच नियम असतो, पण आमच्या घरी त्याच्यासोबत लाकडी रूळ असायचा. मी घोड्याला हात लावून विचार बदलला की रूळ बोटांच्या पेरांवर बसायचा. "हात काऊन लावला? लावला त चाल!" हरले तर एक, दिसत असलेली चाल चुकली तर दोन. एकदा माझा वजीर फुकट गेला, तेव्हा त्याने पटाच्या पेटीचं झाकण माझ्या डाव्या हातावर आपटलं. एक बोट मोडलं. डॉक्टरांना मायने सांगितलं, दरवाज्यात सापडलं. घरी आल्यावर मला म्हणाली, "शिकवून राहिला ना तो तुले? फुकट त नाही मारत."

मी शिकले. पुढे डी.एड. करून तिरोड्याजवळच्या एका गावात शिक्षिका झाले, खोली घेऊन एकटी राहू लागले. दादाचं लग्न बऱ्याच उशिरा झालं होतं. वहिनी देवरीकडची, रानाच्या काठावरच्या गावातली. बोलणं कमी, हात भराभर चालणारे. माझ्या जागी आता ती आहे, हे मला पहिल्याच दिवाळीत कळलं. तिच्या दंडावर चार बोटं उमटलेली होती. मी पाहिलं, तिने पदर ओढून घेतला, आणि आम्ही दोघी करंज्या तळत राहिलो. मी काही बोलले नाही. पुढची सहा वर्षं मी काही बोलले नाही. सुटीत जायचे, वहिनीला साडी न्यायचे, दादासोबत एक डाव खेळायचे, हरायचे, परत यायचे.

दादाने मला सुरुवातीच्या चाली शिकवल्या त्या सगळ्या सावध होत्या. वजिरासमोरचं प्यादं पुढे घ्यायचं, मागे उंट लावायचा, किल्लेकोट करायचा, आणि समोरचा चुकेपर्यंत बसून राहायचं. किंग्ज गॅम्बिटचा त्याला तिटकारा होता. त्यात पांढरं दुसऱ्याच चालीला राजाच्या बाजूचं एक प्यादं फुकट देतं, मग हवं तर घोडा देतं, त्यापुढे उंट देतं, आणि बदल्यात फक्त समोरच्याचा राजा उघड्यावर येतो. दादा म्हणायचा, "हे जुगाऱ्याचं काम हाय. देईल त खायचं, पोट भरलं का जिंकलो."

मी ते शाळेत मधल्या सुटीत फोनवर शिकले. अनोळखी लोकांशी खेळून. पहिले दोन महिने नुसती हरत होते. पण काहीतरी सैल झालं होतं आतलं. मोहरं टाकून द्यायचं आणि त्याच्याकडे वळून बघायचंही नाही, याची मला चटक लागली. समोरच्याचा राजा पटाच्या मध्यात धडपडत यायचा आणि मी एकेक शह देत त्याला हाकलत न्यायचे. डबा तसाच राहायचा.

गोंदियात खुली स्पर्धा होती. एक मंगल कार्यालय, लांब टेबलं, पांढऱ्या चादरी, प्रत्येकाला अर्धा तास. मी दादाला न सांगता नाव दिलं होतं. तोही येणार हे मला माहीत होतं आणि मी त्यासाठीच गेले होते, हे आज लपवण्यात अर्थ नाही. सकाळी भिंतीवरच्या यादीसमोर त्याने मला पाहिलं.

"तू कायले आली येथं?"

"खेळायला."

"बायांचं बक्षीस वेगळं हाय म्हणून?" तो हसला आणि त्याच्या ओळखीच्या दोन व्यापाऱ्यांना म्हणाला, "मेरी बहन है. मैंने ही सिखाया."

तीन फेऱ्या आम्ही दोघांनीही जिंकल्या. जेवणानंतर चौथ्या फेरीची यादी लागली, तेव्हा आमची नावं समोरासमोर होती. मला पांढरे मोहरे होते.

मी राजासमोरचं प्यादं दोन घरं चालवलं. त्यानेही. मग मी उंटासमोरचं प्यादं पुढे टाकलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा घरी रूळ उचलण्याआधी व्हायचा तसा झाला. तो हळू आवाजात म्हणाला, "हे कोणं शिकवलं तुले?"

खेळताना बोलायची परवानगी नसते. मी घड्याळाकडे बोट दाखवलं.

त्याने प्यादं खाल्लं. मी घोडा काढला, उंट काढला. तो राजाच्या बाजूची प्यादी माझ्या अंगावर ढकलत आला. पाचव्या चालीला त्याच्या प्याद्याने माझा घोडा धरला होता. घोडा हलवायचा सोडून मी किल्लेकोट केला. त्याने घोडा उचलून टेबलावर आपल्या बाजूला ठेवला, जरा आपटूनच. मी वजीर काढला. मग आणखी एक प्यादं दिलं. तेही त्याने घेतलं. आठव्या चालीला मी माझा उंट त्याच्या राजाच्या शेजारच्या प्याद्यावर मारला, शह देत. त्याने राजानेच उंट खाल्ला. मी तिसरं प्यादं दिलं. त्याच्या वजिराने तेही खाल्लं, वर मला शह दिला.

त्याच्याकडे टेबलावर माझे पाच मोहरे जमले होते आणि तो खुर्चीत मागे टेकून बसला होता. आजूबाजूला माणसं गोळा झाली होती. त्याचा राजा मात्र प्याद्यांच्या बाहेर, उघड्या पट्टीत उभा होता. त्याच पट्टीत खाली माझा वजीर होता आणि वजिरामागे हत्ती. दोघांच्या मध्ये त्याचं एकच प्यादं, सुरुवातीला माझं खाऊन तिथे बसलेलं. ते प्यादं हललं की त्याच्या राजाला शह. म्हणजे ते हलूच शकत नव्हतं. अशा मोहऱ्याला आम्ही घरी 'बांधलेलं' म्हणायचो. तो शब्द त्याचाच.

शह अडवायला मी दुसरा उंट मध्ये घातला. नेमका त्या बांधलेल्या प्याद्याच्या तोंडासमोर. बघणाऱ्याला वाटावं, बाई आणखी एक मोहरं फुकट देतेय.

दादाचा हात लगेच आला. त्याने प्यादं उचललं, त्याच प्याद्याने माझा उंट पाडला, उंट हातात घेतला. आणि थांबला. त्याला दिसलं. त्याने प्यादं होतं तिथे ठेवलं, माझा उंट होता तिथे ठेवला, आणि वजिराकडे हात नेला, सुरक्षित घरात परत घ्यायला.

तिथे मला गप्प बसता आलं असतं. त्याने वजीर मागे घेतला असता तरी डाव माझ्या बाजूने चांगलाच होता. मी घड्याळ थांबवलं आणि हात वर केला.

"पंच!"

पंच एक वयस्क गृहस्थ होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते आले, वाकून विचारलं, "क्या हुआ?"

"इन्होंने प्यादे को हाथ लगाया. फिर मेरे ऊँट को. टच मूव्ह."

दादा म्हणाला, "गलती से लगा."

मागून कुणीतरी म्हणालं, "गलती से नहीं, उठाया था." पंचांनी पट नीट पाहिला. मग सावकाश, दुकानात हिशोब समजावावा तसं म्हणाले, "देखिए, प्यादे से तो मार नहीं सकते, राजा को शह लगेगी. लेकिन सामनेवाले का ऊँट छुआ है, तो जिस मोहरे से मार सकते हैं उससे मारना पड़ेगा. आपका वजीर मार सकता है. वजीर से मारिए."

वजिराने उंट खायचा म्हणजे माझा वजीर त्याचा वजीर खाणार, आणि त्याच्याकडे परत मारायला काही नाही. ते प्यादं अजून बांधलेलंच होतं, आता मागच्या हत्तीमुळे. हे सगळ्यांना दिसत होतं. दादाच्या मानेवर लाल चट्टे उठले. तो मला मराठीत म्हणाला, "सोड. तू बोल पंचाले, चालते म्हून."

मी म्हणाले, "हात लावला त चालवाच लागते, दादा."

त्याने वजिराने उंट खाल्ला. मी वजीर घेतला. दुसरा कुणी असता तर त्याने तिथेच डाव सोडला असता. दादा खेळत राहिला. सहा-सात चाली मी त्याच्या राजाला इकडून तिकडे ढोसत नेलं. मला सोप्या रीतीनेही संपवता आलं असतं. मी एक चाल जास्त लांबवली, कारण माझ्याने राहवलं नाही. शेवटी हत्तीचा शह, आणि मग वजिराची मात.

मी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला.

त्याची थप्पड माझ्या डाव्या कानावर बसली. थपडेच्या आवाजाऐवजी मला एकदम एक शिट्टी ऐकू यायला लागली आणि खुर्चीसकट मी मागच्या टेबलावर गेले. दुसऱ्यांचे मोहरे खाली सांडले. तो टेबलाला वळसा घालून आला, माझी वेणी धरली आणि म्हणाला, "चारचौघांत? चारचौघांत मले?" त्याने माझं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. ओठ फाटला. तोंडात खारट भरलं.

माझ्या हाताखाली घड्याळ होतं. चांगलं जड, डिजिटल घड्याळ. मी ते उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. भुवई फुटली. त्याने वेणी सोडली, डोळ्यावर हात धरून खाली फरशीवर बसला. रक्त बोटांतून मनगटावर, मनगटावरून पांढऱ्या शर्टावर आलं.

एवढ्यावर थांबले असते तर या घटनेला बचाव म्हणता आलं असतं. मी थांबले नाही. तो खाली बसलेला होता, मान वाकवून. मी पुढे गेले आणि दोन्ही हातांनी घड्याळ वर घेऊन त्याच्या डोक्यावर दुसऱ्यांदा मारलं. तेव्हा लोकांनी मला धरलं. तिसऱ्यांदाही मारणारच होते.

नंतर बराच वेळ नुसता गोंधळ. आयोजक हात जोडत होते, "मैडम, घर का मामला है, पुलिस-वुलिस मत करो." पंचांनी मात्र शांतपणे कागद घेतला, घडलं ते ओळीने लिहिलं, डावाचा निकाल माझ्या बाजूने ठेवला आणि आम्हा दोघांनाही स्पर्धेतून काढलं. मला कागद दाखवून म्हणाले, "पहला हाथ उनका लिखा है. आख़िरी आपका लिखा है. ठीक है?"

मी म्हणाले, ठीक आहे.

दादाच्या भुवईला चार टाके आणि डोक्याला तीन पडले, हे त्याच्यासोबत गेलेल्या व्यापाऱ्याने सांगितलं. पट्टी बांधून तो मोटरसायकलवर गावाकडे निघालाही होता. ते ऐकलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की तो घरी चालला आहे, आणि घरी कोण आहे.

मी वहिनीला फोन लावला. उजव्या कानाला, कारण डाव्यात नुसती शिट्टी होती.

"वहिनी, घरून निघा. शेजारी जा, कुठंही जा."

"काऊन बाई? काय झालं?"

"मी दादाले हरवलं."

मग तिने विचारलं, "मारलं का त्याईनं तुमाले?"

"मारलं. मीही मारलं. रक्त निघालं."

"अरे देवा," ती म्हणाली. मग म्हणाली, "मांगं भाताची गंजी चुलीवर हाय. तुमची माय घरी एकटी हाय. मी कुठं जाऊ?" आणि फोन ठेवला.

मी बल्लारशाच्या गाडीने अर्जुनीला उतरले आणि तिथून ऑटोने गावात पोचले. दिवस मावळायचा होता. ओसरीवर माय हातात पाण्याचा गडवा घेऊन नुसती उभी होती. वहिनी खांबाला टेकून बसली होती, डावा हात उजव्या हाताने उचलून धरलेला. खांद्यापाशी हाड वर आलेलं दिसत होतं. त्याने तिला हेल्मेटने मारलं होतं. तिने काही केलं नव्हतं. पट्टी बघून एवढंच विचारलं होतं की कुठं लागलं.

दादा आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी दारात उभी राहिले, तो वळला नाही.

माय मला म्हणाली, "तू त्याले लोकांत मारलं. मंग घरात येऊन तो कोणाले मारंल? सांग ना. शिकलेली हायेस ना तू?"

मी शेजारच्याचा छोटा टेम्पो आणवला. वहिनीला उचलायला गेले तर ती म्हणाली, "पायाले काही नाही झालं," आणि स्वतः चालत टेम्पोपर्यंत गेली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती दातांत पदर दाबत होती. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कॉलरबोन मोडल्याचं सांगितलं आणि विचारलं, कसं मोडलं. माझ्या तोंडात दरवाजा आला होता. मायचं वाक्य, सव्वीस वर्षांपूर्वीचं. वहिनी माझ्याआधी बोलली.

"नवऱ्यानं मारलं. लिहा."

ठाण्यातल्या हवालदाराने सुरुवातीला तेच सांगितलं जे सगळे सांगतात. घरात बसून मिटवा, माणूस नावाजलेला आहे. पण तोवर हॉलमध्ये कुणीतरी काढलेला व्हिडिओ फोनाफोनी फिरून त्याच्याही फोनवर आला होता. खाली लिहिलं होतं, 'भाई-बहन का मैच'. लोक हसत होते. हवालदार हसला नाही. त्याने दोनदा पाहिला, मग डॉक्टरांचा कागद पाहिला, आणि वहिनीची तक्रार लिहून घेतली. माझ्याविरुद्ध दादाची अदखलपात्र तक्रार नंतर आलीच. ती नोंदवून घेताना हवालदार मला म्हणाला, "मॅडम, एक मारला ते समजलं. तो खाली बसला होता, मंग दुसरा काऊन मारला?"

मी म्हणाले, राग होता. त्याने तेवढं लिहून घेतलं.

खटला अजून चालू आहे. बुद्धिबळ संघटनेने आम्हा दोघांवर वर्षभराची बंदी घातली, ती माझ्यापुरती योग्यच होती. माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला. भरून आला, पण वर्गात त्या बाजूने कुणी हळू बोललं तर मला वळावं लागतं. माय दादाजवळ राहते आणि माझा फोन घेत नाही. दुकान चालू आहे. तो आता कुणाशी खेळत नाही म्हणतात.

वहिनी देवरीला माहेरी गेली. हाड जुळल्यावर तिने एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं. मागच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, तिचे वडील बैलांना पाणी दाखवत होते. आम्ही दोघी सावलीत तांदूळ निवडत बसलो. ती पूर्वीपेक्षा जास्त बोलते. पोरींच्या खाण्याच्या तक्रारी सांगून झाल्या, मग म्हणाली, "बाई, तो व्हिडिओ मीनं पाह्यला."

"कधी?"

"भावानं दाखवला. पयले त मले लय बरं वाटलं. तुमी घड्याळ हाणलं तवा मी जोरात हासली." तिने सुपातला खडा काढून फेकला. "मंग तो बसला, अन तुमी पुना गेल्या त्याच्यावर. तुमचं तोंड पाह्यलं मीनं. त्याच्यावानीच होतं."

मी पुढची मूठ तांदूळ निवडायला घेतली.

"दुसऱ्यांदा काऊन मारलं?"

हवालदाराला सांगितलं ते हिला सांगता येत नव्हतं. मी म्हणाले, "बरं वाटत होतं म्हणून."

तिने मान हलवली, जणू हेच तिला वाटलं होतं. "मले तुमचं भेव वाटलं," ती म्हणाली. "आता नाही वाटत. पर तवा वाटलं. म्हून तीन महिने फोन नाही उचलला तुमचा. मले वाटलं, आजारी होती म्हून उचलला नाही असं सांगाव. पर खोटं कायले बोलू?"

"नका बोलू," मी म्हणाले.

ती सूप घेऊन उठली, आत जाता जाता विचारलं, थांबता का जेवायला, का गाडी हाय. मी म्हणाले थांबते. चुलीजवळ तिने मला कांदे चिरायला दिले. तिचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, म्हणून वरच्या फळीवरचे डबे मी काढून दिले.